नरसव्वाचे चिंचोके

नरसव्वा अक्का आम्हाला चिंचोके टाकायला लावायची, पण स्वतः त्यांच्याकडं कधी बघायची नाही. ती टाकणारीच्या तोंडाकडं बघायची. चिंचोके पत्र्याच्या झाकणात पडले की आम्ही सगळ्या माना पुढं काढून काळे किती, पांढरे किती ते बघायचो. तोवर तिला कळलेलं असायचं.

"उलटं पडलं," ती म्हणायची. "झाकणात काय बघताय? हिच्या तोंडावरच पडलंय की."

आम्ही हसायचो. मीही हसायचे, पदर तोंडाला लावून. तिची आठवण आली की आधी हे हसणं आठवतं आणि मग तो एक दिवस. माणसाच्या तोंडाकडं बघून सगळं ओळखणारी ती बाई होती. मग त्या दिवशी माझ्या तोंडावर काय होतं ते तिला दिसलं नाही, असं मी कसं म्हणू?

दुष्काळात आम्ही मंद्रूपहून सोलापुरात आलो. माझे मालक सात रस्ता चौकाजवळ एका वखारीत लाकडं फोडायला लागले आणि मी विडीच्या कारखान्यात बसायला लागले. कारखाना म्हणजे एक लांबलचक पत्र्याची खोली. भिंतीला पाठ लावून बायका ओळीनं बसायच्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. पान घ्यायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड दाबायचं. हात एकदा शिकले की डोक्याला काही काम उरत नाही. त्या रिकाम्या डोक्यांत नरसव्वा गोष्ट घालायची.

पण ती नुसती ऐकायची गोष्ट नव्हती. तिच्या गोष्टीत आम्हालाच चालावं लागायचं. एका राजानं गावाचं पाणी सात दारांच्या आत कुलपात ठेवलंय आणि काही बायका ते सोडवायला निघाल्यात, एवढंच तिनं ठरवलेलं. त्या बायका कोण, ते आम्ही ठरवायचं. दाराशी काय उभं आहे ते ती सांगायची, आणि तिथं काय करायचं ते आम्ही सांगायचं. जमेल की नाही अशी शंका असली तरच चिंचोके. चिंचोका मधून फोडला की त्याचं एक अंग पांढरं आणि एक काळं. तसे चार तुकडे तिच्या कमरेच्या पिशवीत मिसरीच्या डबीशेजारी असायचे, त्यामुळं त्यांना कायम मिसरीचा वास यायचा. पांढरे जास्त पडले तर जमलं. काळे जास्त पडले तर फसलं. सारखे पडले तर ती डबीत बोट घालून मिसरी लावायची आणि तेवढ्या वेळात विचार करून सांगायची, "जमलं, पण पदर फाटला," नाहीतर, "जमलं, पण पाणी सांडलं." आम्हाला फुकटात असं ती काही मिळू द्यायची नाही.

गिरणीचा भोंगा झाला की गोष्ट असेल तिथं थांबायची. एकदा काशीबाई बुरुजावरून दोराला लोंबकळत होती आणि भोंगा झाला. काशीबाई आमच्यात वयानं मोठी, जाडजूड. चपला घालता घालता ती म्हणाली, "अगं नरसव्वा, निदान पाय तरी टेकू दे की माझे! रातभर अशीच लोंबकळू काय?"

"लोंबकळ," नरसव्वा म्हणाली. "वजन कमी हुईल तुझं." आणि चालायला लागली.

अंगानं ती काटकुळी होती. उन्हात चालताना सुद्धा डोक्यावर पदर घ्यायची नाही. उजव्या हाताच्या बोटात विडीचं तोंड दाबायचं पत्र्याचं टोपण असायचं, ते घरी जातानाही काढायचं विसरायची आणि बोलताना त्या बोटानं माणसाच्या छातीला टोचायची. तेलुगू तिची घरची भाषा, पण आमच्याशी आमच्यासारखंच बोलायची. हा खेळ तिला तिच्या वडिलांकडून आला होता. ते हातमागावर बसायचे आणि पोरांना सुताच्या कांड्या भरायला लावायचे. पोरं कंटाळून उठायला लागली की ते गोष्टीतल्या माणसाला त्या पोराच्याच नावानं हाक मारायचे. "मग मी कसली उठतीय," ती सांगायची. "नरसव्वा हिरीत पडली, असं अप्पा म्हणायचा. मी उठून गेले तर मला हिरीतनं काढणार कोण?"

मी कारखान्यात गेले त्या दिवशी खेळ चालूच होता. मला तिच्या उजव्या हाताला जागा मिळाली. समोर हसीना, टांगेवाल्याची मुलगी, घरी तान्हं लेकरू असलेली. तिच्याशेजारी काशीबाई. नरसव्वाच्या डाव्या हाताला पद्मा, तिच्या मेलेल्या थोरल्या बहिणीची मुलगी. पद्माला नवऱ्यानं टाकलं होतं आणि नरसव्वानं तिला आपल्या घरात घेतलं होतं.

"तू कोण हुणार गं?" नरसव्वानं मला विचारलं.

मी सुपात बघत बसले.

"मुकी हाय वाटतं," काशीबाई म्हणाली. "हिला दगूड कर. दारं आडवायला बरी."

"तुला राणी केली तवा कुणी काय बोललं का?" नरसव्वानं तिला गप्प केलं. मग माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाली, "तलवार-बिलवार ऱ्हाऊ दे. घरी काय येतंय तुला?"

हा तिचा नेहमीचा प्रश्न. ज्या त्या बाईला तिनं तो विचारलेला होता. हसीना म्हणायची मी शिपाई. तिला नरसव्वानं विचारलं होतं, "लढाई नसती त्या दिवशी शिपाई काय करतोय?" हसीना म्हणाली, "तब? घोडे के पाँव देखती मैं. बाप ने सिखाया." झालं, ते तिचं कसब ठरलं. काशीबाईला राणी व्हायचं होतं. राज्य तर राजानं घेतलं, आता राणीला काय येतंय, असं विचारल्यावर ती फणकारून म्हणाली होती, "भाकरी येत्यात!" आणि ते तिच्या नावावर लागलं.

मी म्हणाले, "लेकरं सांभाळायला येतं."

सगळ्या हसल्या. "अगं बाई, ते कुणाला येत न्हाई?" काशीबाई म्हणाली.

खरं तर मला दुसरं काही येतच नव्हतं. चौथी पास झाले आणि शाळा सुटली, कारण घरी धाकटी भावंडं होती. आई रानात जायची आणि माझ्या कडेवर एक, बोटाला एक. शाळेवरून जाताना आतून पाढे ऐकू यायचे, ते मी कडेवरच्या पोराला थोपटत म्हणायचे.

नरसव्वा हसली नाही. "आया हाय ही," तिनं सांगून टाकलं. "राजवाड्यातली आया. हिचं दार येईल की."

तिचं म्हणणं असं होतं, की जिला जे येतं तिला त्याचं दार एकदा तरी आलंच पाहिजे. नाही आलं तर ती चूक गोष्ट सांगणारीची. "भाकरीवालीला सगळी दारं तलवारीची दिली तर ती काय करणार? मग तिला संगं घेतलीच कशाला?" असं ती पत्र्याचं टोपण हलवत म्हणायची. मला हे फार आवडलं होतं. माहेरी, सासरी, कुठंच कुणी असं बोललं नव्हतं. दार आपल्यासाठी येतं, हे मला नवीन होतं.

तिचे नेम, म्हणजे खेळाचे नियम, पक्के होते. एका दारावर उपाशी पहारेकरी होते. काशीबाई म्हणाली, मी भाकरी करून घालते, आणि चिंचोक्यांसाठी हात पुढं केला. नरसव्वानं तो हात धरला.

"घरी भाकरी थापताना चिंचोके टाकतीस काय?"

"न्हाई बा."

"मग हितं कशाला? रोजचं काम हाय तुझं. केल्यास भाकरी. त्यांनी खाल्ल्या. चांगल्या हुत्या म्हणाले."

काशीबाईचं तोंड असं उजळलं, जसं काही खरोखरीच कुणी वाहवा केली. तेवढ्यात नरसव्वा म्हणाली, "आता चुलीमागनं साप आला. हात तव्यावर हाय. आता टाक."

दुसरा नेम सांगण्याचा. माझ्या बाईला अमुक येतं असं कुणी म्हटलं की ती विचारायची, "कसं?" सांगता आलं तर खरं. एकदा राणी तापानं पडली तेव्हा पद्मा म्हणाली, मला औषध येतं.

"कसलं?"

"पाल्याचं."

"कुटला पाला? वाटायचा का उकळायचा?"

पद्मानं तिच्या खांद्याला खांदा लावला. मग लाडानं म्हणाली, "पिन्नी, गोष्टीतलंच हाय की ते." पिन्नी म्हणजे त्यांच्यात मावशी.

"सांगता येत न्हाई म्हंजे येत न्हाई," नरसव्वा म्हणाली, आणि काशीबाईला ताप घेऊन पुढचं दार चालावं लागलं. घरच्या पोरीलाही सूट नाही, हे बघून मी तिला मनात फार मोठी केली. तेव्हाच केली. पुढं जे झालं ते त्यामुळं जास्त लागलं.

माझं दार पाचवं निघालं. तिथं कुणी पहारेकरी नव्हता. एक राक्षसीण होती आणि तिचं लेकरू रडत होतं. इतके दिवस रडत होतं की राक्षसिणीचं डोकं फिरलं होतं. जो जवळ येईल त्याला ती चिरडायची. हसीनानं लगेच तलवार काढली.

"काट डालूँ?"

"कुणाला? लेकराला?" नरसव्वानं विचारलं. हसीनानं तलवार परत ठेवली. मग नरसव्वा माझ्याकडं वळली. "आया कुटं हाय?"

"हाय," मी म्हणाले.

"मग? रडतंय की ते."

मी काय बोलले ते मला आठवतं, कारण एवढं मी आधी कधी बोललेच नव्हते. म्हणाले, रडणाऱ्या लेकराच्या तोंडाकडं बघायचं नाही, त्याला ते जास्त रड म्हटल्यासारखं वाटतं. तोंड बाहेरच्या बाजूला करून मांडीवर घ्यायचं. त्याच्या पाठीला आपली छाती लावायची. आणि तोंड मिटून गुणगुणायचं. गाणं म्हणायचं नाही. गाणं कानाला जातं, गुणगुण पाठीला जाते. मग... इथं मला शब्द सापडेना. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाले, मग त्याची मूठ सुटते. मूठ सुटली की त्यात पदराचं टोक द्यायचं, म्हणजे आपण उठलो तरी त्याला वाटतं आपण आहोत.

बोलून झाल्यावर बघितलं तर समोरच्या बायकांचे हात थांबले होते. विड्या वळणारीचे हात सहसा थांबत नाहीत.

मी चिंचोक्यांसाठी हात पुढं केला. नरसव्वानं चिंचोके पिशवीत टाकले आणि नाडी ओढली.

"टाकायचं कारण न्हाई," ती म्हणाली. "झोपलं लेकरू. राक्षसीण बी झोपली. दार उघडलं."

"क्या आया है यार," हसीना म्हणाली. त्या दिवसानंतर मला कुणी मुकी म्हटलं नाही.

पण तंबाखूची धूळ माझ्या छातीला सोसत नव्हती. आधी नुसता खोकला यायचा, मग जिना चढताना श्वास पुरेना. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, हे काम सोडा. काम सोडायचं म्हणजे सोलापूर सोडायचं, कारण एकट्याच्या मजुरीत तिथं राहणं होत नव्हतं. मालक वखारीत राहिले असते आणि मी मंद्रूपला जावांच्या हाताखाली. सोलापुरात माझी एक खोली होती. छोटी, पण चूल माझी होती आणि खिडकी कधी उघडायची ते मी ठरवायचे. ती मला सोडायची नव्हती.

अशात बातमी आली की कारखान्यात पाळणाघर निघणार. गोदामामागची खोली झाडून चुना मारला, पाळणे आणले. पोरं सांभाळायला कामगार बायकांतलीच एक घ्यायची होती. थोडं लिहिता-वाचता आलं, चौथी झाली असली तरी चालणार होतं. तिथं तंबाखू नव्हती. मी ती खोली लांबून बघून आले. खिडकीला जाळी होती आणि बाहेर लिंबाचं झाड.

नरसव्वानं माझ्या छातीला टोपण टोचलं. "शेवंते, तुजं दार आलं बघ."

"मला त्यांच्याम्होरं बोलायला येणार न्हाई, अक्का."

"तू कशाला बोलतीस? मी हाय की. मलाच इचारणार हाईत."

हे खरं होतं. कारखान्याचा कारभार बघणारे दिवाणजी कुणाला घ्यायचं झालं तर सगळ्यात जुन्या बाईला विचारायचे. ती बरी म्हणाली तर बरी. त्यामुळं मी निश्चिंत होते.

त्या दिवसांत गोष्ट पुढं सरकेना. सहावं दार राहिलं बाजूला आणि आम्ही राक्षसिणीच्या गावातच अडकलो. रोज एक नवं लेकरू. दात येणारं, ताप आलेलं, धाकटं भावंड आलं म्हणून रुसलेलं, आई कामाला निघाली की तिचे पाय धरणारं. नरसव्वा विचारायची, "आया, आता कसं? नीट सांग." मी सांगायचे. तिचं समाधान झालं नाही तर परत विचारायची. काशीबाई वैतागली. "आगं, पाणी सोडवायला निघालोय का पोरं धुवायला?" माझं झालं की नरसव्वा डाव्या बाजूला वाकून पद्माला तेलुगूत काहीतरी बोलायची. पद्मा मान हलवायची, ओठ हलवायची. मला वाटायचं घरातलं काही असेल. मला तेलुगू येत नव्हतं, आणि दुसऱ्याच्या घरातलं ऐकू नये म्हणून मी मान वळवून बसायचे.

खोटं कशाला बोलू, माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस होते. मला वाटलं, ती मला परत परत माझंच दार देते आहे.

मग ऑफिसातून एक बाई आल्या. इस्त्रीच्या पातळातल्या, चेहऱ्यानं चांगल्या. दिवाणजी बरोबर होते. नरसव्वा उठून उभी राहिली, तिच्या मागं मी उठले. घाईत सूप हातातच राहिलं आणि तिरकं होऊन तंबाखू माझ्या पायांवर सांडली. बाई हसून म्हणाल्या, "असू दे, असू दे. लहान मुलांचं काय काय येतं तुम्हाला?"

मी बोलायला तोंड उघडलं. खोकला आला. मी नरसव्वाकडं बघितलं.

"काय नरसव्वा," दिवाणजी म्हणाले, "कशी हाय ही?"

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. चिंचोके हातातून सुटतात तेव्हा बघायची तसंच बघितलं. मग त्यांच्याकडं वळून म्हणाली, "पोरगी चांगली हाय ओ. पण बोलतच न्हाई. पोराला दिवसभर काय झालं ते आईला सांगायला पायजे का नको? ही कुणाला काय सांगणार? तिच्या छातीचंच काय खरं न्हाई." टोपणाचं बोट तिनं डाव्या बाजूला केलं. "आमची पद्मा हाय. सातवी शिकलीया. तिला इचारा."

पद्मा उभी राहिली. बाईंनी तेच विचारलं.

पद्मा म्हणाली, रडणाऱ्या लेकराच्या तोंडाकडं बघायचं नाही. पाठीला आपली छाती लावायची आणि तोंड मिटून गुणगुणायचं. गाणं कानाला जातं, गुणगुण पाठीला जाते. मग... असं म्हणून ती थांबली. मी जिथं शब्द सापडेना म्हणून थांबले होते, बरोबर तिथं थांबली, आणि पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं.

पद्माला मूलबाळ नव्हतं. कडेवर कुणाला घेऊन फिरताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. दात येणाऱ्याचं, तापाचं, रुसलेल्याचं, सगळं तिनं ओळीनं सांगितलं. बाई खूश झाल्या. "अनुभव दिसतोय हं," असं दिवाणजींना म्हणाल्या. मी पायांवरची तंबाखू गोळा करत बसले.

भोंगा झाल्यावर नरसव्वा नळावर मिसरी धुवत होती. मी मागं जाऊन उभी राहिले.

"अक्का, ते माझं हुतं," मी म्हणाले.

तिनं चूळ भरली, टाकली. "तुजं काय हुतं? सगळ्यांसमोर सांगितलंस की. तिला सांगता आलं, तुला आलं न्हाई."

"ते खेळातलं..."

"खेळातलाच नेम हाय. सांगता आलं म्हंजे येतंय." मग पदरानं तोंड पुसताना, दुसरीकडं बघत म्हणाली, "तुला मालक हाय, शेवंते. तिला कोण हाय? मी मेल्यावर तिनं कुटं जायचं?"

तिचं कारण मला तेव्हाही कळलं होतं. पुष्कळदा त्यावर विचार केला. तिनं मला आधी म्हटलं असतं, शेवंते, पद्माला हे शिकव, तिला दुसरा आधार नाही, तर मी रडले असते, पण शिकवलं असतं. हसीनाचं तान्हं मागून आणून तिच्या हातात दिलं असतं. तिनं मागितलंच नाही. मला मोठं करून, माझी वाहवा करून, माझ्या तोंडून काढून घेतलं. आणि ते मी आनंदानं देत होते, ही गोष्ट मला कारणापेक्षा जास्त टोचते.

घरी जाताना हसीना माझ्याबरोबर चालत होती. म्हणाली, "मेरे कू लगा तेरे कू मालूम है. वो तेरे बाजू में बैठ के उसकू रोज रटाती थी. हमारी गल्ली में सब तेलुगूच बोलते, मेरे कू समझती ना." मग माझं तोंड बघून तिनं माझा हात धरला. "तेरे कू मालूम नै था क्या?"

पाळणाघर सुरू झालं. आमच्या खोलीच्या आणि त्या खोलीच्या मधे नुसता पत्रा होता, त्यातून रडणं ऐकू यायचं. पद्मानं आळस केला असं मी म्हणणार नाही. ती सांगितलं तसंच करायची. एकदा पाणी प्यायला गेले तेव्हा मी जाळीतून बघितलं. पाठीला छाती लावून बसली होती, गुणगुणत होती. पण ती घाबरलेली होती, आणि छाती धडधडत असली की लेकराला ते पाठीतून कळतं. आधी आपला श्वास खाली बसू द्यावा लागतो. हे मी कधी सांगितलं नव्हतं. नरसव्वानं विचारलं नव्हतं आणि मलाही ते ठाऊक आहे हे ठाऊक नव्हतं.

रडणं चढलं की बायकांचे हात मंद व्हायचे. ज्यांची पोरं होती त्या पत्र्याकडं बघायच्या. काशीबाई एकदा मोठ्यानं म्हणाली, "सांगता येतंय म्हंजे येतंय काय गं, नरसव्वा?" नरसव्वानं लगेच सहावं दार काढलं. दारावर काय होतं ते आता आठवत नाही. तिनं मला विचारलं, "आया काय करती?"

"आया मागंच ऱ्हायली," मी म्हणाले. "राक्षसिणीच्या गावात."

सगळ्या निघाल्या पुढं, मला वगळून. मी तिच्याशेजारीच बसून विड्या वळत होते आणि त्या माझ्यापासून लांब लांब चालल्या होत्या.

दिवाळीच्या आत छाती इतकी भरायला लागली की मालकांनीच ट्रंक बांधली. खोलीची किल्ली घरमालकिणीला दिली आणि मी मंद्रूपला आले. निघताना कारखान्यात कुणाला सांगायला गेले नाही. सुगीच्या दिवसांत आता वस्तीवरच्या बायका लेकरं माझ्या ओट्यावर सोडून रानात जातात. कुणी मला काही सांगायला लावत नाही.

नरसव्वाला मी त्यानंतर एकदाच बघितलं. दवाखान्यात छाती दाखवायला सोलापूरला गेले होते. काम झालं, बसला वेळ होता, आणि पाय आपोआप तिकडं वळले. आत जायचं नव्हतं. रस्त्याच्या बाजूला कारखान्याची खिडकी होती, गजांची, तिथं भिंतीला धरून उभी राहिले.

आतून तंबाखूचा तो वास आला आणि तिचा आवाज आला. खेळ चालूच होता. माझ्या जागेवर एक नवी बाई होती, माझ्याच वयाची. कोणत्या तरी दारावर कुणाचं तरी लेकरू रडत होतं, आणि पत्र्यापलीकडून खरं रडणंही येत होतं; थांबत नव्हतं.

"मी घेते उचलून," नवी बाई म्हणाली.

"कसं?" नरसव्वानं विचारलं.

"आता कसं म्हंजे? उचलायचं आन् घ्यायचं."

मला वाटलं, आता ती म्हणेल, सांगता येत न्हाई म्हंजे येत न्हाई. ती म्हणाली नाही. तिनं पत्र्यापलीकडच्या रडण्याकडं कान दिला. मग पिशवीची नाडी सोडून चिंचोके काढले आणि नव्या बाईच्या हातात दिले.

"टाक," ती म्हणाली.

नव्या बाईनं मूठ हलवली. नरसव्वानं सवयीनं मान वर केली, तिच्या तोंडाकडं बघायला, आणि त्या बाईच्या डोक्यावरून तिला खिडकी दिसली. खिडकीत मी.

मी काही केलं नाही. हात हलवला नाही, मान वळवली नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. चिंचोके झाकणात पडल्याचा आवाज झाला, बायकांनी माना पुढं काढल्या.

मग नरसव्वानं डोळे खाली घेतले, आणि सगळ्यांच्या डोक्यांत डोकं घालून ती झाकणात बघायला लागली.